बंड्याची वर्गणी

कुत्र्याच्या ऑपरेशनसाठी पैसे मागायला निघालात की पहिला प्रश्न येतो, "तुमचाच आहे का?" नाही म्हटलं की समोरचा नुसतं "मग?" म्हणतो आणि गप्प बसतो. माझा असता तर मी कुणापुढे हात पसरला नसता, हे त्याला सांगून उपयोग नसतो. माझा नाही म्हणून तर वर्गणी.

बंड्या कुणाचाच नव्हता. डोंबिवली पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी वडापावची गाडी लागते, तिच्या आडोशाला त्याचा मुक्काम. गाडीवाले मामा त्याला बंड्या म्हणायचे, समोरच्या इमारतीतली पोरं ब्रूनो, आणि दूधवाला नुसतंच "ए". तिन्ही हाकांना तो सारखीच शेपटी हलवायचा. डाव्या कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी झालेली, रेबीजची लस टोचलेली, पालिकेच्या लेखी विषय संपलेला. रंग मळकट पिवळा, नाकावर जुन्या भांडणाची खूण. देखणा म्हणावा असा नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे फोटोचा विषय येणार आहे.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एका रात्री एका चारचाकीने त्याला उडवलं. गाडी थांबली नाही, नंबर कुणी पाहिला नाही. पाहिला असता तरी फार काही घडलं असतं असं वाटत नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० सालचा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. नव्या न्यायसंहितेत शिक्षा मोठी आहे, पण ती मुद्दाम मारणाऱ्याला किंवा पांगळं करणाऱ्याला. अंधारात आडवं आलेलं जनावर उडवून पुढे जाणाऱ्याने काय हेतूने उडवलं हे सिद्ध कोण करणार?

त्याला उचललं माझ्या भाचीने. ती आमच्याकडे राहून कॉलेज करते. जुनी चादर टाकून तिने त्याला गुंडाळलं, आणि गुंडाळता गुंडाळता तो तिच्या मनगटाला चावला. रोज तिच्या हातची बिस्किटं खाणारा कुत्रा. दुखणारं जनावर ओळख ठेवत नाही, हे वाचून माहीत असणं वेगळं आणि मनगटावर दाताचे चार ठसे बघणं वेगळं. मग बँडेजच्या पट्टीने त्याचं तोंड बांधलं. दोन रिक्षावाले कुत्रा बघून निघून गेले, तिसरा म्हणाला, "सीटवर पेपर टाका, बसा." भाचीला पालिकेच्या रुग्णालयात इंजेक्शनं मिळाली, फुकट. या सगळ्या प्रकरणात एक पैसाही न लागलेला तेवढा एकच उपचार, आणि तो माणसाचा.

क्लिनिकमध्ये पहिल्या रात्री सलाईन, वेदनाशामक आणि पिंजरा. दुसऱ्या दिवशी एक्स-रे. पुढच्या उजव्या पायाच्या दंडाच्या हाडाचे तीन तुकडे झाले होते. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि बोटाने दाखवलं, हा वरचा, हा खालचा, आणि हा मधला, जो कुठेच लागत नव्हता. प्लेट आणि स्क्रू टाकून जोडायचं तर ऑपरेशन, भूल, औषधं आणि नंतरचे दिवस धरून पंचेचाळीस हजारांच्या आसपास. शिवाय लगेच करता येणार नव्हतं. रक्त तपासलं तर गोचीडताप निघाला. कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेट दोन लाखांच्या वर असाव्या लागतात, याच्या चाळीस हजार. एवढ्यावर चाकू लावला तर रक्त थांबणार नाही. आधी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, मग पुन्हा तपासणी, मग बघू.

तेवढा वेळ हाताशी होता, म्हणून मेसेज नीट लिहिता आला.

मी सहकारी बँकेत नोकरी करते. दुसऱ्यांची व्हाउचरं तपासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मी लिहिलेला मजकूर कर्जाच्या अर्जासारखा झाला होता. जनावराचा तपशील, इजेचा तपशील, अंदाजे खर्च, "यथाशक्ती सहकार्य करावे ही विनंती". भाचीने वाचला आणि म्हणाली, "मावशी, यथाशक्ती लिहिलंस की लोकांची शक्ती शून्य होते." तिने आकडा वर घेतला. तिने पहिली ओळ बदलली: "बंड्याचा पाय वाचवू या." आणि फोटो तिने निवडला.

फोटोचं सांगते. क्लिनिकच्या पिंजऱ्यात तो बसलाय, मान थोडी कललेली, डावा डोळा उघडा आणि उजवा अर्धा मिटलेला. पापणी खाली आलेली, डोळ्याच्या कोपऱ्यात गुलाबीसर पडदा दिसतोय. जणू रडून रडून डोळा सुजलाय. त्या डोळ्याने पैसे गोळा केले, यात मला शंका नाही. लोकांनी उत्तरात पायाबद्दल कमी आणि डोळ्याबद्दल जास्त लिहिलं. "त्याची नजर बघवत नाही." "डोळ्यांत पाणी आहे हो त्याच्या." आमच्या गल्लीत त्याच काळात आणखी एक कुत्री होती, अंगभर खरूज, केस गेलेले, तिच्या औषधाला महिन्याला हजार रुपयेही लागले नसते. तिचा फोटो भाचीने तीन वेळा काढला आणि तीनही वेळा पुसून टाकला. "कोणी स्क्रोल थांबवणार नाही गं." ती खरं बोलत होती, आणि ते ऐकून मला तिचा राग आला हेही खरं.

पैसे कुठे घ्यायचे, यावर मात्र मी अडून बसले. भाचीचं म्हणणं, तुझा यूपीआय दे, सोपं पडतं. मी म्हटलं, माझ्या खात्यात दमडी येणार नाही. यात भीती कमी आणि सवय जास्त. नात्यातल्या नसलेल्या लोकांकडून वर्षभरात मिळून पन्नास हजारांहून जास्त रक्कम फुकटात आली, तर ती सगळीच करपात्र होते, फक्त वरची नाही. पंचेचाळीस हजार मागणारीला हे माहीत असलेलं बरं. ज्यांना करसवलतीसाठी ऐंशी-जीची पावती हवी होती त्यांना मी आधीच सांगून टाकलं की ती फक्त नोंदणीकृत आणि मान्यता असलेल्या संस्थेला दिल्यावर मिळते, गल्लीतल्या बाईला दिल्यावर नाही. म्हणून मेसेजखाली क्लिनिकचाच क्यूआर टाकला, आणि शेऱ्यात "बंड्या" लिहा अशी सूचना. रोज संध्याकाळी क्लिनिकच्या काउंटरवरची मुलगी मला त्या नावाच्या नोंदींचा कागद द्यायची, मी तो वहीत उतरवायचे आणि वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचे. नावं झाकून, फक्त रकमा.

त्या रकमा वाचण्यासारख्या होत्या. कुत्र्याच्या ऑपरेशनलाही माणसं एकशे एक देतात, पाचशे एक देतात. वरचा रुपया सुटत नाही. लग्नाचं पाकीट असो, गणपतीची पावती असो, नाहीतर दंडाच्या हाडाचं फ्रॅक्चर. एकाने नुसता एक रुपया पाठवला, खातं खरं आहे का बघायला, आणि दहा मिनिटांनी दोन हजार. शेऱ्यात कुणी "बंड्या", कुणी "ब्रूनो", कुणी "भुभू साठी", एकीने आपल्या गेलेल्या मांजरीचं नाव. मामांनी गाडीवर चटणीच्या डब्याशेजारी बरणी ठेवली, वर पुठ्ठ्यावर "बंड्याचा पाय". त्या बरणीतली नाणी मोजताना बोटांना लसणाचा वास लागायचा. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी पन्नासची नोट दिली आणि बजावलं, "वहीत लिहा बरं. माझं पण लिहा." लिहिलं.

नकारही आले, आणि त्यातले काही मला पटले. आमच्या सोसायटीचे खजिनदार स्वच्छ म्हणाले, "ताई, लिफ्टच्या दुरुस्तीला बाराजणांनी अजून पैसे भरलेले नाहीत. त्यांतले चारजण तुमच्या यादीत दिसतात." यावर काय बोलणार? पलीकडच्या इमारतीतल्या एका बाईंच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका कुत्र्याने पोटरीला फाडलं होतं. त्या म्हणाल्या, "मला मेसेज पाठवत जाऊ नका." रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही. इंजेक्शनांचे पाचही डोस पूर्ण होईपर्यंत त्या आईने जी रात्र-रात्र काढली असेल ती कुठल्याही फोटोतल्या डोळ्यापुढे हलकी ठरवण्याची माझी हिंमत नाही. त्यांचं नाव मी यादीतून काढलं. त्या पुढेही बदलल्या नाहीत, आणि त्यांनी बदलावं असं मला वाटतही नाही.

वातावरणही तसंच होतं. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला: नसबंदी आणि लस करून पुन्हा जागेवर सोडा, रेबीज झालेले आणि अंगावर येणारे वगळून. मूळ आदेश दिल्लीचा, पण भांडण डोंबिवलीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. त्याच निकालात न्यायालयाने सुनावणीला आलेल्या प्रत्येक श्वानप्रेमी व्यक्तीला पंचवीस हजार आणि संस्थेला दोन लाख रुपये भरायला सांगितले होते, कुत्र्यांसाठीच्या सोयींसाठी. आमच्या ग्रुपवर कुणीतरी ती बातमी टाकून लिहिलं, "बघा, प्रेमाचा दर आता कोर्टाने ठरवलाय." मला हसू आलं. पंचवीस हजार म्हणजे आमचं अर्ध्याहून अधिक हाड झालं असतं.

"हे सगळे हल्लीचे लाड आहेत" असं म्हणणाऱ्यांना मात्र मी सोडत नाही. हल्लीचे कसले? १८३२च्या जून महिन्यात याच मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली होती. कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढलेला आणि एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलेलं. आठ आणे मिळतात म्हटल्यावर शिपाई घरातलीही कुत्री ओढून मारू लागले. पारशी समाज रस्त्यावर उतरला, त्यांच्याबरोबर हिंदू आणि जैनही, फोर्टातली दुकानं बंद झाली, गोऱ्या पलटणीकडे जाणारी रसद अडवली गेली. पुढे १८३४मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्यासारख्या पारशी, गुजराती, जैन शेठियांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभा केला. तो चालवायला पैसा कुठून आला? व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर स्वखुशीने लागा, म्हणजे छोटी पट्टी, बसवून घेतला. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय त्याच शतकात झालं, शेजारी १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं. ते रुग्णालयही दानाच्याच पैशावर उभं राहिलं. म्हणजे जनावरासाठी पैसे मागणं ही मुंबईची इन्स्टाग्रामच्या आधीची, आगगाडीच्याही आधीची रीत. फरक एवढाच की तेव्हा सगळ्या जनावरांसाठी मिळून एक फंड असायचा, कुणा एकाचा फोटो लागत नव्हता.

आणि पैशानेच सगळं होतं असंही नाही. जून २०२४मध्ये रतन टाटांनी इन्स्टाग्रामवर मुंबईकरांकडे मदत मागितली होती. त्यांच्या महालक्ष्मीच्या प्राणी रुग्णालयात सात महिन्यांचं एक कुत्रं दाखल होतं, गोचीडतापाचा संशय, रक्त जीवघेणं उतरलेलं. हवा होता रक्तदाता कुत्रा: एक ते आठ वर्षांचा, पंचवीस किलोंच्या आसपास किंवा जास्त वजनाचा, लसीकरण झालेला, निरोगी. दीडशे कोटींच्या वर खर्चून दवाखाना बांधणाऱ्या माणसालाही शेवटी "कुणाकडे मोठा कुत्रा आहे का हो" असं विचारावं लागलं. बंड्याचं हिमोग्लोबिन दुसऱ्या आठवड्यात खाली गेलं तेव्हा आम्हीही तेच विचारलं. ठाण्याहून एक गृहस्थ आपला लॅब्रेडोर घेऊन आले. त्याच्या मानेची केसाळ जागा भादरली, शिरेत सुई गेली, आणि तो अवाढव्य प्राणी मालकाच्या हातातलं गाजर खात पडून राहिला. गृहस्थांनी पैशाचं नाव काढू दिलं नाही. गाजराचे तेवढे घ्या म्हटलं तर हसले.

आकडा पूर्ण झाला. पन्नासच्या वर गेला. त्यातला मोठा वाटा आमच्याच गल्लीत वाढलेल्या आणि आता न्यू जर्सीत असलेल्या एका मुलाचा, त्याने इथल्या भावाकरवी भरला. त्या दिवसापासून रोज सकाळी त्याचा मेसेज: "मावशी, प्लेट कुठल्या कंपनीची घालणार? टायटॅनियम की स्टील?"

प्लेटलेट वर आल्या, सूज उतरली, आणि ऑपरेशन करणारे हाडांचे डॉक्टर ठाण्याहून बघायला आले. त्यांनी एक्स-रे नंतर पाहिला. आधी त्यांनी चिमटा काढला. अक्षरशः. आर्टरी फोर्सेप म्हणजे कात्रीसारखा चिमटा, तो त्यांनी बंड्याच्या दुखऱ्या पंजाच्या बोटाला लावला आणि दाबला. बंड्या माझ्याकडे बघत राहिला. त्यांनी दुसऱ्या बोटाला लावला, आणखी जोरात, नखाच्या मुळाशी. काही नाही. मग तोच चिमटा डाव्या पायाला नुसता टेकवला तर तो कळवळून मागे वळला. डॉक्टरांनी त्याची मान उजेडाकडे फिरवली आणि अर्ध्या मिटलेल्या डोळ्याची पापणी वर केली. "बाहुली बघा, ही बारीक आहे, ती मोठी. हा डोळा पहिल्यापासून असा आहे?"

पहिल्यापासून. तोच तर फोटो.

त्यांनी समजावून सांगितलं. मानेखालच्या मणक्यातून पुढच्या पायात उतरणाऱ्या मज्जातंतूंचा एक जुडगा असतो. गाडीच्या धक्क्याने पाय बाहेरच्या बाजूला हिसडला गेला की तो जुडगा मुळापासून उपटला जातो. डोळ्याच्या बाहुलीकडे जाणारी एक तार त्याच मुळांजवळून जाते, म्हणून त्याच बाजूची बाहुली बारीक होते, पापणी पडते, आतला पडदा वर येतो. तो डोळा रडवेला नव्हताच. पाय कायमचा गेलाय एवढंच तो सांगत होता, आणि आम्ही त्याच्यावर पन्नास हजार गोळा केले होते.

"हाड मी जोडून देईन," डॉक्टर म्हणाले, "एक्स-रे छान दिसेल. पण पाय ओढत चालेल, पंजा रस्त्यावर घासला जाईल, त्याला कळणार नाही. जखम होईल, तो चाटेल, मग कुरतडेल. सहा महिन्यांनी तुम्ही पाय काढायला याल, तेव्हा मी पुन्हा पैसे घेईन." पाय आत्ताच काढायचा, तोही खांद्याच्या फऱ्यासकट. अर्धा ठेवला तर कुत्रा त्या खुंटावर टेकू बघतो आणि तो सतत सोलला जातो. खर्च वीस हजारांच्या आत.

आता मी बसले मेसेज लिहायला. "बंड्याचा पाय वाचवू या" या ओळीखाली सत्तरएक माणसांचे पैसे पडलेले. त्या ओळीचं काय करायचं?

जे आहे ते लिहिलं. डोळ्याचंही लिहिलं. आणि लिहिलं की ज्यांनी पाय वाचवण्यासाठी दिले त्यांना परत हवे असतील तर क्लिनिक परत करेल, कारण विचारणार नाही.

मग ग्रुपवर जे झालं त्यावरून मला लहानपणीचा आमच्या चाळीतला गणेशोत्सव आठवला. पाच रुपयांची पावती फाडलेला माणूससुद्धा मंडपात येऊन मखर डावीकडे सरकवायला सांगायचा, आणि त्याला कोणी तुझा काय संबंध असं म्हणू शकत नसे. संबंध होता, पावती होती ना. तसंच इथे. एकजण म्हणाला चेन्नईला दाखवा. एकीने जयपूर फूटचा पत्ता पाठवला. खांदाच नसेल तर कृत्रिम पाय अडकवणार कशाला, हे तिला डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा पटलं. एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं की तीन पायांवर रस्त्यावर जगण्यापेक्षा इंजेक्शन देऊन सोडवा, तेच पुण्याचं. मोठी माणसं, प्रेमाने बोलणारी, पण एकाचं दुसऱ्याशी जमेना. न्यू जर्सीचा मुलगा रात्रभर जागून शोधनिबंध पाठवत होता. मज्जातंतूंची शस्त्रक्रिया, माणसांवरची. "पैसे मी देतो, मावशी. कितीही लागू देत."

हा 'कितीही' मला सगळ्यात जड गेला. पैसे कमी असते तर निर्णय सोपा होता, परवडेल ते करायचं. पैसे आले आणि ते एका वचनाला बांधलेले आले, आणि मग प्लेट घालणं हा उपचार न राहता वचनपूर्ती व्हायला लागली. मला त्या रात्री खरंच मोह झाला. प्लेट घालून टाकावी. एक्स-रेचा फोटो टाकावा, चकचकीत पट्टी, सहा स्क्रू. सगळ्यांनी हात जोडावेत, बदाम पाठवावेत. सहा महिन्यांनी कोण बघायला येणार होतं?

सकाळी क्लिनिकमध्ये संमतीपत्र पुढे आलं. भुलेचा धोका, रक्तस्रावाचा धोका, वगैरे छापील मजकूर, आणि खाली एकच रकाना: मालकाची सही. सत्तर जणांनी पैसे दिले होते, तरी रकाना एकच. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, याचा मालक कोणी नाही. ती म्हणाली, "मॅडम, सहीशिवाय भूल देत नाहीत." मी सही केली आणि 'मालक' शब्दावर काट मारून 'आणणारी' लिहिलं. तिने तसंच ठेवून घेतलं.

ऑपरेशन दोन तासांच्या आत झालं. मी बाहेर बाकावर बसले होते, भाची उभी. मामा गाडी बंद ठेवून आले होते आणि भिंतीवरचा कुत्र्यांच्या जातींचा तक्ता वाचत होते. बंड्याला बाहेर आणलं तेव्हा उजव्या बाजूला खांद्यापासून छातीपर्यंत भादरलेली गुलाबी कातडी आणि त्यावर एक लांब तिरकी शिवण. तो भुलेतच कण्हत होता. भाची रडली. मामा म्हणाले, "झालं ना एकदाचं."

तिसऱ्या दिवशी तो उभा राहिला आणि नाकावर आपटला. कुत्र्याच्या वजनातला जास्त भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे पुढचा पाय गेला की तोल सावरायला वेळ लागतो. उजवीकडे वळताना तो दर वेळी पडायचा. मग त्याने उजवीकडे वळणंच सोडलं. डावीकडून पूर्ण गोल फिरून उजव्या बाजूच्या वाटीकडे जायचा. हे बघून मला जे वाटत होतं ते त्याला अजिबात वाटत नव्हतं, एवढं नक्की. त्याचं सगळं लक्ष वाटीत. डोळा अजून अर्धा मिटलेलाच आहे, डॉक्टर म्हणाले तसाच राहील.

दोघांनी पैसे परत घेतले. एकाने रागाने, एकीने माफी मागत. ठरल्याप्रमाणे कारण विचारलं नाही. न्यू जर्सीचा मुलगा आठवडाभर बोलला नाही, मग एकदम त्याचा मेसेज आला, "चालतो का नीट?" व्हिडिओ पाठवला.

बंड्याला परत गाडीपाशी सोडायचा नाही, यावर मामांसकट सगळ्यांचं एकमत होतं. त्या वळणावर गाड्या कुणासाठी थांबत नाहीत. आमच्या पार्किंगच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीशेजारी तो राहतो. खजिनदारांनी हरकत घेतली, मी त्यांना २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांची प्रत दिली. वस्तीतल्या कुत्र्यांच्या खाण्यापिण्याची सोय करणं ही सोसायटीची जबाबदारी आहे असं त्यात आहे. त्यांनी शांतपणे वाचून काढली आणि त्याच नियमातली पुढची ओळ मला दाखवली: ती जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि जिन्यांपासून लांब हवी. टाकी जिन्याला लागून. जागा हलवली. लिफ्ट अजून बंद आहे.

उरले सव्वीस हजार आणि काही. एवढ्या पैशाचं काय करायचं हा वाद पायाच्या वादापेक्षा लांबला. माझं म्हणणं होतं की क्लिनिकच्या पिंजऱ्यात एक म्हातारी कुत्री आहे, गर्भाशयात पू झालेला, तिचं ऑपरेशन आजच्या आज हवंय, आणि तिला कोणी आणून सोडून गेलंय. शिवाय गल्लीतली ती खरजेची आहे. काहीजण म्हणाले, आम्ही बंड्यासाठी दिले, बंड्याच्या नावावर ठेवा. पुढे लागतील. म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी प्रत्येकाला वेगळं विचारलं. ज्यांनी हो म्हटलं त्यांचे म्हातारीला आणि खरजेच्या कुत्रीला गेले, ज्यांनी नाही म्हटलं त्यांचे बंड्याच्या खात्यावर आहेत, ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांचेही तिथेच. म्हातारीचा फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा दोन हात जोडलेले आले, बाकी शांतता. ती जगली. तिला एका नर्सबाईंनी घरी नेलं.

ग्रुप मोडला नाही. परवा त्यावर कुणीतरी नवा फोटो टाकला, कल्याण-शीळ रस्त्यावरचं पिल्लू, मागचे दोन्ही पाय फरफटत, आणि खाली लिहिलं, "याला उभं करू या, किती लागतील?" लगेच दोघांनी पाचशे एक, पाचशे एक असं लिहूनही टाकलं. मी क्लिनिकचा क्यूआर पाठवला आणि लिहिलं, सध्या फक्त तपासणी आणि एक्स-रेपुरते भरा. काय करू या ते डॉक्टरांनी चिमटा लावून बघितल्यावर सांगते.